सोळावा गुण

बदलापुरात सुनंदा खांबेटे कुठे राहतात असं विचारलंत, तर खरवईच्या नव्या इमारतींतले वॉचमन तुम्हाला या विंगमधून त्या विंगमध्ये पिटाळत बसतील. त्यापेक्षा ‘पंधरावाल्या बाई’ म्हणा. कुळगावच्या नाक्यावरचा कुठलाही रिक्षावाला थेट दारात नेऊन सोडील, आणि वाटेत ‘माझ्या बहिणीला पण पंधराच दिलेले’ हे गाऱ्हाणं फुकटात ऐकवील.

नावामागची कथा साधी आहे. सुनंदाबाई कुळगावातल्या एका शाळेत अकरावी-बारावीच्या कला शाखेला इतिहास शिकवतात. बारावीचा इतिहासाचा पेपर ऐंशी गुणांचा, तो बोर्डाकडे जातो. उरलेले वीस गुण प्रकल्पाचे, ते शिकवणाऱ्या शिक्षकानंच द्यायचे. बहुतेक ठिकाणी हे वीस गुण लग्नातल्या अक्षतांसारखे वाटले जातात. मांडवात हजर असलेल्या प्रत्येकाच्या हातावर पडतात. सुनंदाबाईंच्या वर्गात मात्र उत्तमातल्या उत्तम प्रकल्पाला पंधरा. बऱ्याला बारा. आयत्या आणलेल्याला आठ, आणि वर लाल शाईत ‘कुठून उचललं?’ असा प्रश्न.

हा दंडक त्यांना मिळाला तो विष्णुपंतांकडून. विष्णुपंत म्हणजे अंबरनाथच्या शाळेतले त्यांचे इतिहासाचे मास्तर. “नेमून दिलेलं सगळं नीट केलंत की पंधरा,” ते म्हणायचे, “सोळावा मागायला यायचं असेल तर मला ठाऊक नसलेलं काहीतरी घेऊन या.” असं म्हणून विष्णुपंत मिशीतल्या मिशीत हसायचे. सुनंदाबाईंनी वाक्य तेवढं घेतलं, हसू घ्यायचं राहून गेलं. नोकरीला लागल्यापासून त्यांना ठाऊक नसलेलं घेऊन येणारं पोर त्यांना भेटलं नव्हतं. यात पोरांचा आळस किती आणि बाईंचा तोरा किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

एक मात्र खरं, त्या काळात पंधरानं कुणाचं काही अडत नव्हतं. स्वतः सुनंदाबाईंना बारावीला एकसष्ट टक्के पडले होते. कला शाखेत फर्स्ट क्लास! वडिलांनी चाळीत पेढे वाटले, अंबरनाथच्या एका साप्ताहिकात फोटो आला, आणि विष्णुपंत स्वतः घरी येऊन पोहे खाऊन गेले. आता एकसष्टवाल्या मुलाचे आईबाप पाहुण्यांसमोर विषय बदलतात. पंच्याहत्तरला मार्कशीटवर अजून विशेष प्रावीण्य असं छापून येतं, पण त्या प्रावीण्याला कुठल्या कॉलेजच्या खिडकीवर कुणी हिंग लावून विचारत नाही. नव्वदच्या खाली बोलायचंच नाही. तेही कुठे, तर इतिहासात, राज्यशास्त्रात, मराठीत! गणितात शंभर मिळतात हे सुनंदाबाईंना समजत होतं. बेरीज बरोबर तर बरोबर. पण एखादं राज्य का बुडालं, या प्रश्नाच्या उत्तराला शंभरातले शंभर म्हणजे काय? आता त्याबद्दल बोलायचं काही शिल्लकच राहिलं नाही की काय? हा प्रश्न त्या घरी रोज विचारत, आणि अंबरनाथच्या कारखान्यात अधिकारी असलेले त्यांचे यजमान देवदत्त रोज म्हणत, “सुनंदा, पोळी करपतेय.”

पंधराचा पहिला दणका बसला तो गेल्या वर्षी. राजसी नावाची हुशार मुलगी होती, पंधरावाली. मुंबईतल्या एका मोठ्या कॉलेजच्या यादीत तिचं नाव एका टक्क्याच्या आत हुकलं. तिची आई मार्कशीट घेऊन स्टाफरूममध्ये आली. भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खुर्चीवर बसली, मार्कशीट टेबलावर सरळ करून ठेवली आणि म्हणाली, “मॅडम, बाकी सगळ्या विषयांत तिला विसातले वीस आहेत. तुमचे पाच कमी. पाचच हवे होते हो.” त्या दिवसापासून पंधरा लिहिण्याआधी त्या फाईल पुन्हा एकदा उघडून बघू लागल्या.

आणि यंदाच्या वर्गात बकुळा होती.

बकुळा भोपी ही जांभूळ गावची. एमआयडीसीला पाणी पुरवणारं पाण्याचं मोठं केंद्र जांभूळला आहे, तिथे तिचे वडील बाळाजी ठेकेदाराकडे कामाला. भातशेती होती ती आता घरापुरती. आमच्याकडे कला शाखेला मुलं येतात ती बहुतेक सायन्स-कॉमर्सच्या दारातून परत फिरून. बकुळा मात्र दहावीला भरपूर मार्क असताना मुद्दाम आलेली. तिला इतिहासच शिकायचा होता. तेही मुंबईतल्या त्याच मोठ्या कॉलेजात, जिथे राजसी हुकली होती. कारण तिथे मुलींचं वसतिगृह होतं आणि उत्खननाला घेऊन जाणारा विभाग होता.

बाळाजींनी शाळेत येऊन आपली अट बाईंसमोरच सांगितली होती. “त्या कॉलेजात नंबर लागला ना बाई, तर जाऊ दे तिला. ऱ्हाऊ दे होस्टेलवर. मी आडवा येनार नाय. पन नाय लागला, तर मग उल्हासनगरला. घरून जायाचं, घरी यायाचं. मंग तीन वर्षांनी बघू स्थळ.” गेल्या वर्षी त्या कॉलेजची यादी अठ्ठ्याऐंशीला बंद झाली होती. बकुळाची झेप तिथवरच जेमतेम जाणार होती. म्हणजे पाच गुणांचा प्रश्न पुन्हा सुनंदाबाईंच्याच लाल पेनाच्या टोकावर येऊन बसला.

दिवाळीनंतर एका रविवारी सुनंदाबाई उल्हासनगरला गेल्या, परकर-ब्लाउजचं कापड घ्यायला. कॅम्प भागातल्या बाजारात एका स्टेशनरीच्या दुकानापुढे मुलांची ही गर्दी. दारावर पाटी: ‘प्रोजेक्ट रेडी मिळेल, सर्व विषय, सर्व बोर्ड’. सुनंदाबाईंच्या अंगात इतिहास संचारला. त्या गर्दीत घुसल्या. काउंटरवर फायलींचे गठ्ठे. गडकिल्ले, स्वातंत्र्यलढा, प्राचीन नाणी. रंगीत चित्रं, सोनेरी कडा, मागे संदर्भग्रंथांची यादी. ती सगळ्यांना एकच.

“बोलो दीदी, बेटे के लिए? कौन-सा स्कूल?” दुकानदारानं विचारलं. माणूस मोठा गोड होता.

“बदलापूर,” बाईंच्या तोंडून निघून गेलं.

“बदलापूर! हिस्टरी? अरे, वहाँ तो वो पंधरावाली मॅडम है ना!” त्यानं आतल्या पोऱ्याला हाक मारली, “वो मोटावाला दे रे.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “दीदी, उनके लिए ये अलग बनाया है. हाथ से लिखा हुआ. थोडी मिस्टेक भी डाली है, असली लगता है. इसमें बारा तो पक्के.”

आपल्या नावाचा खास माल निघाला आहे हे कळल्यावर माणसानं हसावं की रडावं? सुनंदाबाईंनी दोन्ही केलं नाही. त्यांनी फाईल उघडली, पहिल्याच पानावरची सनावळीची मुद्दाम घातलेली चूक दाखवली, म्हणाल्या, “ही चूक कुणी मुलगा करत नाही. मुलं दुसरी चूक करतात,” आणि चालू लागल्या. कापड घ्यायचं राहिलं ते राहिलंच. घरी आल्यावर देवदत्त पोट धरून हसले. “अगं, तुझ्या चुकासुद्धा दुकानात मिळायला लागल्या!” सुनंदाबाईंनी त्यांना त्या दिवशी सकाळची भाजी वाढली.

जानेवारीत प्रकल्प जमा झाले. दुकानातला ‘मोटावाला’ सहा-सात जणांनी आणला होता. कैलासनं, सोनियानं, सोनियाच्या फायलीला तर दुकानाचं लेबलही तसंच होतं. बकुळाचा प्रकल्प साध्या दोन रेघी कागदांवर होता, वर नाव ‘पाण्याच्या आधीचं जांभूळ’. बाईंनी सवयीनं पेन उघडून हातात धरलं आणि वाचायला लागल्या. चार पानांनंतर पेन टोपणात गेलं.

झालं होतं असं. बकुळा गावातल्या म्हाताऱ्या बायकांना जुन्या गोष्टी विचारत हिंडली. साल कुणालाच सांगता येईना. दुसरी एखादी मुलगी कंटाळून घरी आली असती. बकुळाच्या लक्षात आलं की या बायका साल सांगत नाहीत, पण काळ सांगतात. ‘पाइप पडला तवा माजा पयला रांगत व्हता.’ ‘मोठी टाकी बांदली त्याच साली नणंदेचं लगीन.’ ‘पंपाचा पयला भोंगा झाला तवा मी न्हाणीत व्हती, भिऊन तशीच भायेर आली.’ तिनं मग बायकांच्या बाळंतपणांवरून, मुलांच्या आजच्या वयांवरून मागे मोजत मोजत गावाची सनावळी बसवली. कुठली विहीर कधी सुटली, कुठलं शेत कधी गेलं, नळ गावात यायला पाइपनंतर किती पोरं जन्मली! राजे नाहीत, लढाया नाहीत. तरी पुढे काय झालं हे कळेपर्यंत खाली ठेवता येत नाही असा इतिहास.

सुनंदाबाई अंबरनाथला लहानाच्या मोठ्या झाल्या त्या एमआयडीसीच्या नळाचं पाणी पिऊन. ते कुठून येतं हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. तीसेक वर्षं त्या मुलांना सनावळ्या घोकायला लावत होत्या, आणि सन नसलेली सनावळी कशी करतात हे त्यांना जांभूळच्या पोरीनं शिकवलं. त्यांनी फाईल मिटली. देवदत्तांना हाक मारून म्हणाल्या, “अहो, ऐकलंत का? सोळा.” देवदत्त पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, “कशाचे सोळा?” “काही नाही,” म्हणाल्या त्या. इतक्या वर्षांनी आलेला आनंद होता, तो त्यांना एकटीलाच थोडा वेळ ठेवायचा होता.

पण हा सोळा लिहायचा कुठे? बोर्डाच्या तक्त्यात सोळा लिहिले की बकुळाचे चार गेले. म्हणजे जिनं खरं काम केलं तिला दुसऱ्या शाळेतल्या आयत्या फायलीपेक्षा चार कमी. या विचारानं बाईंना झोप लागेना, आणि नेमकं त्याच आठवड्यात मुख्याध्यापक भोईर सरांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं.

महिपती भोईर हा माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर भांडता आलं असतं. त्यांनी चहा मागवला, पंख्याचा वेग कमी केला आणि म्हणाले, “मॅडम, स्पष्ट बोलतो. अकरावी आर्ट्सला यंदा पट किती आहे बघताय ना? पोरं बोलतात, त्या शाळेत नको, तिथं पंधरावाली बाई आहे. पट अजून खाली गेला की तुकडी बंद. तुकडी बंद झाली की तुम्ही अतिरिक्त. मग तुम्हाला पाठवतील मुरबाडच्या पलीकडे. माझं एकच म्हणणं आहे, यंदा सगळ्यांना वीस टाका.”

“सगळ्यांना?”

“सगळ्यांना. विनीत सरांना विचारा, राज्यशास्त्राचा तक्ता त्यांनी चहा गार व्हायच्या आत भरला.”

विनीत हा नवा तरुण शिक्षक, दारात उभाच होता. “मॅडम, कॉम्प्युटरवर वरच्या खान्यात वीस टाकायचे आणि खाली ओढायचं. आपोआप भरतात. तुम्ही लोड घेऊ नका यार... म्हणजे, मॅडम.”

“आणि ज्यांनी दुकानातून आणलं?”

“त्यांनी पैसे तरी खर्च केलेत,” विनीत म्हणाला. त्याला हा विनोद वाटला होता. सुनंदाबाईंच्या चेहऱ्याकडे बघून तो सटकला.

भोईर सर मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, “मॅडम, तुम्ही एकट्या दांडी सरळ धरून काय उपयोग? तराजू बाकीच्यांनी कधीच मोडून टाकलाय. ती जांभूळची पोरगी आहे ना तुमची लाडकी? तिचा तरी विचार करा.”

हेच वर्मी लागलं. सुनंदाबाईंना तुकडीची भीती होती, मुरबाडच्या पलीकडची तर होतीच. पण त्यांनी तक्ता भरला तो बकुळासाठी. एकट्या बकुळाला वीस टाकून इतरांना आठ-बारा टाकले असते तर आईबाप शाळेत घुसले असते, म्हणून सगळ्यांना. वरच्या खान्यात वीस टाकून त्यांनी खाली ओढलं. खरंच आपोआप भरलं. प्रत्येक फायलीच्या मुखपृष्ठावरही लाल पेनानं वीस लिहायचे होते, ते लिहिता लिहिता पेनातली शाई संपली, तेव्हा त्यांनी कपाटातून दुसरं काढलं. कैलास, वीस. सोनिया, वीस. बकुळा, वीस. आपण आज पोरीचं भलं केलं, असं त्या स्वतःला बजावत होत्या, आणि स्वतःचाच इतका राग येत होता की घरी गेल्यावर त्यांनी देवदत्तांना काही कारण नसताना कुकरची शिट्टी न मोजल्याबद्दल झापलं.

निकाल लागला. बकुळाला अठ्ठ्याऐंशी टक्के आणि वर थोडे. जांभूळच्या वेशीवर तिच्या फोटोचा बॅनर लागला. बाळाजी पेढे घेऊन शाळेत आले आणि भोईर सरांच्या पाया पडले, ज्यांना ते अजिबात आवडलं नाही असं नाही. सुनंदाबाईंना वाटलं, जमलं. अठ्ठ्याऐंशीच्या वर आहे पोरगी. पाच गुणांनी वर काढली. आपला तोरा गेला, पण पोर होस्टेलवर जाईल. त्यांनी तिला द्यायला एक चांगलं शाईचं पेन घेऊन ठेवलं.

मग त्या कॉलेजची पहिली यादी लागली. एक्क्याण्णवला बंद. दुसरी लागली. थोडी खाली सरकली, पण बकुळापर्यंत आली नाही. तिसरी निघालीच नाही, जागा संपल्या.

“असं कसं?” सुनंदाबाई घरात येरझारा घालत होत्या. “गेल्या वर्षी अठ्ठ्याऐंशी, यंदा एक्क्याण्णव! पोरं एका वर्षात इतकी शहाणी झाली?”

देवदत्तांनी चष्मा काढून पुसला. कारखान्यात आयुष्य काढलेला माणूस, आकड्यांपुढे त्याला दयामाया नव्हती. “सुनंदा, तूसुद्धा वीस दिलेस ना? तशा अजून कितीतरी सुनंदा असतील. सगळ्यांनीच वाढवले, मग यादी वर गेली. जत्रेत पुढचा टाचा वर करून बघायला लागला की मागच्या सगळ्यांना टाचा वर कराव्या लागतात. दिसतं कुणालाच जास्त नाही, पोटऱ्या मात्र सगळ्यांच्या दुखतात.”

सुनंदाबाईंच्या येरझारा थांबल्या. इतकी साधी गोष्ट आपल्या लक्षात कशी आली नाही, याचा त्यांना संताप आला. साम्राज्यं का बुडतात याची पाच कारणं त्या झोपेत सांगू शकत होत्या. सगळ्यांना दिलेलं कुणालाच मिळत नाही हे त्यांना नवऱ्यानं सांगावं लागलं. पंधरा दिले असते तरी पोर हुकली असती, वीस दिले तरी हुकली. मग इतक्या वर्षांचा दंडक मोडला कशासाठी? त्यांना भोईरांचा राग आला, विनीतचा आला, त्या गोड दुकानदाराचा आला, पार विष्णुपंतांचाही आला, ज्यांनी एकसष्ट टक्क्यांवर पोहे खाल्ले होते. पेनाची डबी त्यांनी कपाटात साड्यांच्या मागे टाकून दिली.

जूनच्या शेवटी बकुळा शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली. उल्हासनगरच्या कॉलेजात नाव घातलं होतं, वडिलांनी ठरवल्याप्रमाणे घरून जाऊन-येऊन. सुनंदाबाई स्टाफरूममध्ये होत्या. ती आत येऊन दाराशी उभी राहिली तेव्हा बाईंना राजसीची आई आठवली. आता ही विचारणार, बाई, तुम्ही काहीच का करू शकला नाहीत.

“बाई, एक विचारू? रागावणार नाही ना?”

“मी काय रागावणार आता. विचार.”

“माझे खरे किती होते?”

सुनंदाबाईंना प्रश्नच कळला नाही. “कसले खरे? वीस आहेत की मार्कशीटवर.”

“ते कैलासला पण आहेत, बाई. त्यानं माझ्यासमोर दुकानातून आणलेला. सोनियाला पण वीस, तिनं तर उघडून पण नाही बघितला.” बकुळाचा आवाज चढला. बाईंशी ती अशी कधी बोलली नव्हती. “मी अकरावीपासून बोलत होते घरी, पंधरावाल्या बाईंकडून पंधरा आणून दाखवीन. आळीत सगळ्या म्हाताऱ्यांना सांगून ठेवलेलं. तुमच्या गोष्टींना पंधरा आणते म्हणून. आता विचारतात, तर काय सांगू? वीस आले, आणि मला आले किती तेच मला नाही माहीत. कॉलेज गेलं ते गेलं. पण हे तरी तुम्ही मला द्यायचं ना, बाई!”

कोपऱ्यात चहा पीत असलेल्या विनीतनं कप खाली ठेवला. आपण पोरीला पाच गुण जास्त दिले, असं त्या इतके दिवस समजत होत्या. त्यांनी तिचे सगळेच काढून घेतले होते.

त्या उठल्या. कपाटावर यंदाच्या प्रकल्पांचे गठ्ठे सुतळीनं बांधून ठेवले होते, रद्दीत जायला. त्यांनी खुर्ची ओढली, विनीत मदतीला धावला त्याला हातानंच बाजूला केलं, आणि गठ्ठा खाली घेऊन सुतळी सोडली. दोन रेघी कागदांची फाईल शोधून टेबलावर ठेवली.

“सोळा,” त्या म्हणाल्या.

विनीतच काय, शाळेच्या शिपायालाही ठाऊक होतं की या बाईंनी सोळा कधी कुणाला दिले नाहीत. बकुळालाही ठाऊक होतं. तिचे कान लाल झाले. पण थँक्यू वगैरे म्हणायच्या ऐवजी तिनं पुढची खुर्ची ओढली, बसली, आणि फाईल स्वतःकडे वळवली.

“मग चार कुठे गेले?”

सुनंदाबाईंनी तिच्याकडे बघितलं. ती गंमत करत नव्हती. मग बाईंनी चष्मा लावला. किती दिवसांनी त्यांना बरं वाटत होतं!

“हे बघ. मोठी टाकी. सुंदराबाईंच्या सांगण्यावरून एक साल निघतं, या दुसऱ्या म्हातारीच्या सांगण्यावरून दुसरं. दोघींत चार वर्षांचा फरक. तू दुसरीचं घेतलंस आणि सुंदराबाईंचं तळटीपेत टाकलंस. का?”

“दुसरीचा मुलगा तिथंच कामाला आहे. आणि सुंदराबाईला आता धड आठवत नाही.”

“हे तू ठरवलंस की विचारून बघितलंस? इतरांकडे पडताळलंस?”

बकुळानं तळटीपेवर बोट ठेवलं आणि ती पुन्हा वाचली.

“जुळत नव्हतं म्हणून बाजूला सारलंस. नीटनेटकं दिसावं म्हणून. तिथे दोन गेले. दुसरं, सगळ्या बायका तुझ्याच आळीतल्या. पलीकडच्या कातकरी वाडीत एकदा तरी गेलीस? पाणी त्यांच्या दारावरूनच गेलं ना? तिथे एक. आणि शेवटच्या पानावर तू भाषण ठोकलंयस, ‘आपण सर्वांनी पाण्याचे महत्त्व ओळखले पाहिजे’. हे कुणासाठी लिहिलंस?”

“मार्कांसाठी,” बकुळा म्हणाली.

“तिथे एक.”

बकुळानं मान हलवली. मग तिनं फाईल मिटून मुखपृष्ठ बाईंसमोर सरकवलं. तिथे लाल अक्षरात वीस होते. “लिहून द्या, बाई. आणि सही.”

सुनंदाबाईंनी विसावर काट मारली. खाली सोळा लिहिले, सही केली, तारीख घातली. हा आकडा कुठल्याही खिडकीवर चालणार नव्हता, कुठल्याही यादीत मोजला जाणार नव्हता, याचं दुःख त्यांना पेन खाली ठेवताना झालंच. पुढच्या वर्षीही वरच्या खान्यात वीस टाकून खाली ओढायचं होतं. भोईर सरांची नव्या वर्षाची सूचना त्यांच्या खणात येऊन पडलेली होती.

“सुंदराबाई आहेत ना अजून?”

“आहे. ऐकू कमी येतं.”

“मग आजच जा.”

बकुळा फाईल छातीशी धरून जिना उतरली. सुनंदाबाई खिडकीशी गेल्या. फाटकापाशी सोनिया स्कूटीवर तिची वाट बघत थांबली होती.

“काय रे, इतका वेळ? क्या बोली मॅडम?”

“विसाचे सोळा केले!” बकुळा इतक्या मोठ्यानं म्हणाली की वर ऐकू आलं.

“काय? चार कापले? आता?” सोनिया स्कूटीवरून उतरलीच. “अरे यार! पागल आहे का ती बाई! आणि तू भांडली नाहीस?”

“भांडले ना,” बकुळा म्हणाली. “चल, मला जांभूळला सोड.”